इंजिन कंट्रोल सॉफ्टवेअर आणि इंजिनाची विश्वासार्हता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं प्रामुख्याने ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि कॅलिब्रेट करणाऱ्यांसाठी (इंजिनाप्रमाणे त्यातले आकडे जुळवणाऱ्यांसाठी) आहेत. गॅरेजवाल्यांना आणि गाडीमालकांना उपयोगी पडणारे प्रश्न उत्तरार्धात घेतले आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या हातातल्या गाडीसाठी तिचं सर्व्हिस मॅन्युअलच प्रमाण माना.

सॉफ्टवेअर बदलून इंजिन खरंच जास्त टिकतं का?

पिस्टन, लायनर, बेअरिंग तेच राहतात. त्यांच्यावर ताण किती येऊ द्यायचा, हे मात्र आज जवळजवळ पूर्णपणे ईसीयूच्या हातात आहे. स्पार्क क्रँकच्या फेऱ्यात सहा अंश आधी पडला, एका सिलिंडरला इंधन कमी गेलं, टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरला, की निस्तरावं लागतं पिस्टनला.

गणिताची सूत्रं सहसा बरोबर असतात. चुकते ती त्यांना दिलेली माहिती, ती मिळण्याची वेळ, किंवा बिघाड झाल्यावर काय करायचं हा निर्णय. यातला तिसरा भाग प्रकल्पाच्या शेवटी घाईघाईत उरकला जातो, आणि इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. म्हणून या पानावर त्यालाच जास्त जागा दिली आहे.

सेन्सर चुकीचं सांगतोय हे ईसीयूला कळतं कसं?

कूलंट टेंपरेचर सेन्सरच घेऊ. तो एनटीसी जातीचा, म्हणजे तापला की रेझिस्टन्स घटतो. बऱ्याच गाड्यांत २० अंश सेल्सियसला सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम भरतो. ईसीयू आतल्या रेझिस्टरमधून त्याला ५ व्होल्ट देतो आणि मधलं व्होल्टेज मोजतो. वायर तुटली की हे व्होल्टेज ५ च्या जवळ जातं. सॉफ्टवेअरने ते जसंच्या तसं तापमान काढायच्या टेबलात घातलं तर उत्तर येतं उणे ४० अंश. गाडी मे महिन्यात चंद्रपुरात उभी आणि ईसीयू बर्फात स्टार्ट करायचं पेट्रोल ओततोय! प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं आणि तेच पेट्रोल रिंगांजवळून खाली संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं.

असा तुटलेला किंवा शॉर्ट झालेला सेन्सर पकडणं सोपं आहे, वरची आणि खालची व्होल्टेजची मर्यादा पुरते. पी०११८ आणि पी०११७ हे बिघाडाचे कोड त्यासाठीच आहेत. कठीण असतो तो मर्यादेत राहून चुकणारा सेन्सर. त्याला दुसऱ्या माहितीशी ताडून पाहावं लागतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं हवं. इंजिन दहा मिनिटं चांगल्या लोडवर चाललं आणि कूलंट अजून ४० अंशांवरच असेल, तर सेन्सर तरी अडकलाय किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. शिवाय कूलंट दहा मिलिसेकंदांत वीस अंशांनी चढत नाही. तसं दिसलं तर तो कप्लरचा (वायर जोडणाऱ्या कनेक्टरचा) ढिला पिन असतो.

एका चुकीच्या रीडिंगवर लगेच कोड टाकू नका. चूक दिसली की काउंटर ३ ने वाढवा, रीडिंग ठीक असेल तर १ ने कमी करा, ठरलेल्या आकड्याला पोचला की बिघाड पक्का धरा. खड्ड्यागणिक हलणारी वायर यात सापडते, आणि एकदाच आलेला विजेचा झटका सुटून जातो.

बिघाड पक्का झाला. आता सेन्सरच्या जागी कोणता आकडा वापरायचा?

'८० अंश धरा आणि पुढे चला' हे उत्तर फार ठिकाणी सापडतं, आणि ते आगीतून फुफाट्यात नेतं. इंजिन खरोखर थंड असेल तर ८० अंशांच्या हिशेबाचं पेट्रोल कमी पडून ते सुरूच होत नाही. इंजिन ११५ अंशांवर गेलेलं असेल तर पंखा मुकाट बसून राहतो.

एकच पर्यायी आकडा सगळ्यांना वाटू नये. इंधनाच्या हिशेबासाठी मॉडेल वापरा: सुरुवात हवेच्या तापमानापासून, मग जळलेल्या इंधनाच्या प्रमाणात वाढ, ९० अंशांच्या आसपास थांबा. पंख्याने मात्र इंजिन तापलंय असंच धरून पूर्ण वेगाने फिरावं. स्पार्कच्या हिशेबानेही गरम इंजिन धरून थोडं मागे राहावं. प्रत्येकाला त्याच्या बाजूने सुरक्षित असलेला आकडा द्यायचा.

सिग्नल परत आला तरी जुन्या आकड्यावरून नव्यावर एकदम उडी नको. काही सेकंदांत हळूहळू सरका. दर मिनिटाला जाऊन-येऊन करणारा सेन्सर असेल तर पुढच्यांदा चावी फिरेपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कूलंट संपलं, इंजिन तापलं, तरी काटा मध्येच कसा राहतो?

सेन्सर बुडलेला असेल तरच कूलंटचं तापमान सांगतो. होज फुटून कूलंट निघून गेलं की त्याचं टोक हवेत किंवा वाफेत लटकतं, आणि हवा उष्णता नीट पोचवत नाही. डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, वितळायच्या बेतात असताना सेन्सर ९० किंवा त्याहूनही कमी दाखवू शकतो. सॉफ्टवेअरने इथे पडणाऱ्या आकड्यावर संशय घ्यायचा: लोड चांगला आहे, पंखा फिरत नाही, गाडीचा वेग तोच आहे, मग कूलंट अचानक १५ अंशांनी थंड कसं झालं? हेडच्या धातूत बसवलेला वेगळा सेन्सर किंवा ऑइल टेंपरेचर असेल तर प्रश्न लगेच सुटतो. नसेल तर मोजलेलं आणि मॉडेलने काढलेलं तापमान यांतला फरक मर्यादेबाहेर गेला की टॉर्क (इंजिनाची ओढ) उतरवा आणि दिवा लावा.

क्रँक सेन्सरवर एवढा भर का?

कारण बाकी सगळं त्याच्या घड्याळावर चालतं. तो क्रँकवरच्या दातेरी चाकाचे दात मोजतो. प्रचलित चाकावर ६० दातांची जागा असते, त्यातले दोन काढलेले, म्हणजे प्रत्यक्षात ५८ दात आणि एक मोकळी जागा. एक दात म्हणजे सहा अंश. ६,००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. एक अंश म्हणजे सुमारे २८ मायक्रोसेकंद. मोजणीत एक दात चुकला तर स्पार्क सहा अंश पुढे किंवा मागे जातो. पूर्ण लोडवर सहा अंश आधीचा स्पार्क म्हणजे जोरदार नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन भलत्या वेळी भडकणं). ते काही मिनिटं चाललं तर पिस्टनची लँड (रिंगांमधली कड) तुटायला पुरेसं होतं.

दोन काढलेल्या दातांची जागा ओळखायची पद्धत साधी आहे: आधीच्या दाताला लागलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त वेळ लागला की तीच ती जागा. स्टार्टर फिरवताना हीच पद्धत दगा देते. तेव्हा वेग २०० आरपीएमच्या आसपास असतो, आणि पिस्टन कॉम्प्रेशनला आला की तो आणखी पडतो. दोन दातांमधला वेळ एवढा ताणला जातो की साध्या दातालाही मोकळी जागा समजलं जाऊ शकतं. त्यात बॅटरी अशक्त असेल तर विचारायलाच नको. म्हणून मोकळ्या जागेनंतरचा दातही तपासा: तो पुन्हा लहान वेळेत यायला हवा. आणि दोन मोकळ्या जागांमध्ये ५८ दात मोजून झाल्याशिवाय पहिला स्पार्क देऊ नका. स्टार्ट व्हायला एखादा फेरा जास्त लागला तरी चालेल, सायलेन्सरमध्ये भडका नको.

मोजणी ५७ किंवा ५९ भरली तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवा. एकदा झालं तर दुरुस्त करून पुढे जाता येतं. लागोपाठ झालं तर इंजेक्शन आणि स्पार्क थांबवून नव्याने सिंक करा, म्हणजे मोजणी पहिल्यापासून जुळवा. स्पार्क थांबवताना कॉइल चालू अवस्थेत अडकता कामा नये. कॉइल भरायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. ती १०० मिलिसेकंद चालूच राहिली तर कॉइल किंवा तिचा ड्रायव्हर (तिला वीज देणारा ट्रान्झिस्टर) जळतो. ही कमाल वेळ हार्डवेअर टायमरने पाळावी, त्यासाठी सॉफ्टवेअरच्या टास्कवर विसंबू नये.

खराब रस्त्यावर मिसफायरचा कोड येतो, इंजिनात मात्र काही सापडत नाही. का?

ईसीयू मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं, ओळखतो तो क्रँकच्या वेगातल्या बारीक घसरणीवरून. चाक खड्ड्यातून गेलं की तोच धक्का गिअरबॉक्समधून उलटा क्रँकपर्यंत पोचतो आणि हुबेहूब मिसफायरसारखा दिसतो. यावरचा उपाय म्हणजे एबीएसच्या चाकांच्या वेगांवरून रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढ्या वेळेपुरती मोजणी थांबवणं. हे कॅलिब्रेशन युरोपातल्या रस्त्यांवर केलं असेल तर आपल्याकडे मिसफायरचे खोटे कोड (पी०३००) येणारच.

खऱ्या मिसफायरकडे मात्र दुर्लक्ष नको. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतला जाळीदार ठोकळा वितळवतं. दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच. सॉफ्टवेअरने त्या एका सिलिंडरचं इंजेक्शन बंद करायला हवं.

आरपीएम वाढला की ईसीयूला वेळ का पुरत नाही?

काही कामं घड्याळावर चालतात: दर १, १० किंवा १०० मिलिसेकंदांनी. काही क्रँकच्या कोनावर. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांनी येणारं काम ७५० आरपीएमला ४० मिलिसेकंदांनी येतं आणि ६,००० ला ५ मिलिसेकंदांनी. म्हणजे आठपट भार, नेमका इंजिन सगळ्यात जास्त ताणात असताना. टेबलावर आयडलला मोजलेला सीपीयू लोड पाहून कोणी समाधान मानत असेल तर त्याला काहीच कळलेलं नाही. रेव्ह लिमिटच्या थोडं वर, सगळे बिघाड एकदम नोंदवले जात असताना, कॅन बसवर (गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर) गर्दी असताना मोजा. त्या स्थितीतही काही भाग मोकळा राहायला हवा, कारण पुढच्या पाच वर्षांत कोडमध्ये भर पडतच राहते.

वेळेइतकाच त्रास देणारा दुसरा प्रकार म्हणजे अर्धवट वाचलेली माहिती. १६ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटचा आकडा दोन खेपांत वाचला जातो. मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवून घुसणारं तातडीचं काम) येऊन तो बदलला तर वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा. अशी चूक हजारात एकदा दिसते आणि गॅरेजमध्ये कधीच दिसत नाही. टास्कच्या, म्हणजे ठरावीक वेळी चालणाऱ्या कामाच्या, सुरुवातीला सगळ्या इनपुटची एक प्रत काढा आणि ते टास्क संपेपर्यंत तीच वापरा.

वॉचडॉग आहे, मग अडकलेला कोड पकडला जाईलच ना?

कोण त्याला लाथ मारतंय, म्हणजे 'मी चालू आहे' अशी खूण देतंय, यावर ते अवलंबून आहे. वॉचडॉगला ठरावीक वेळेत खूण मिळाली नाही की तो ईसीयू रीसेट करतो. ही खूण टायमर इंटरप्टमधून दिली जात असेल तर बाकी सगळी टास्क मेली तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग खूश.

टोयोटा कॅम्रीच्या २००७ मधल्या अपघातावरून अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात खटला चालला आणि २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला. तिथे वादींच्या तज्ज्ञांनी मांडलेला मुद्दा हाच होता: एक महत्त्वाचं टास्क थांबलं तरी वॉचडॉगच्या ते लक्षात येईलच असं नव्हतं. त्याआधी २०११ मध्ये नासाच्या अभ्यासात अचानक वेग वाढण्यामागे इलेक्ट्रॉनिक कारण असल्याचा पुरावा सापडला नव्हता, हेही नोंदवायला हवं. खटल्याबद्दल मत काहीही असो, वॉचडॉगच्या रचनेचा धडा पक्का आहे.

प्रत्येक महत्त्वाच्या टास्कने आपापली हजेरी लावावी, एका देखरेख करणाऱ्या टास्कने सगळ्यांची हजेरी आणि क्रम तपासावा, आणि मगच खूण द्यावी. विंडो वॉचडॉग वापरा, म्हणजे फार लवकर आलेली खूणही चूक ठरते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसाठी जर्मन उत्पादकांनी रूढ केलेली तीन थरांची रचना आज सगळीकडे दिसते. पहिल्या थरात मुख्य काम, दुसऱ्यात टॉर्कचा स्वतंत्र हिशेब, तिसऱ्यात वेगळी चिप प्रोसेसरला प्रश्न विचारते आणि उत्तर चुकलं तर थ्रॉटलची वीज तोडते. दुसऱ्या थरात पहिल्याचाच कोड कॉपी केलेला आढळला तर तो थर नाही असंच समजा.

चाचणीत महिनाभर ठीक चालतं, नंतर बिघडतं. असे बग कुठून येतात?

भरून वाहणाऱ्या काउंटरमधून. १६ बिटचा मिलिसेकंद काउंटर ६५.५ सेकंदांत भरतो, ३२ बिटचा ४९.७ दिवसांत. कार रोज बंद होते म्हणून हा प्रश्न झाकला जातो. तेच सॉफ्टवेअर जनरेटर सेटवर गेलं की उघडा पडतो. बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोल युनिटमध्ये नेमका असाच दोष सापडला होता: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर युनिट बंद पडू शकत होतं, आणि २०१५ मध्ये अमेरिकी विमान नियामकाला त्यावर आदेश काढावा लागला. 'आत्ताची वेळ सुरुवात अधिक विलंब याहून मोठी आहे का' असं विचारू नका. आत्ताच्या वेळेतून सुरुवात वजा करा आणि तो फरक तपासा. चिन्हरहित आकड्यांत हे भरून वाहिल्यावरही बरोबर उत्तर देतं.

दुसरा उगम ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी. एका जागेवर साधारण एक लाख वेळा लिहिता येतं. दर सेकंदाला काही लिहीत बसलात तर ती जागा २८ तासांत झिजते. शिकलेल्या किमती (ईसीयूने चालताना जुळवलेले आकडे) चावी बंद झाल्यावर एकदाच लिहा, दोन प्रती ठेवा, प्रत्येकीला क्रमांक आणि सीआरसी (प्रत बिघडली का ते सांगणारा आकडा) द्या. दोन्ही प्रती बिघडल्या तर शून्य वाचू नका, कारखान्यातली मूळ किंमत घ्या.

लिम्प मोड कसा असावा?

लिम्प मोड म्हणजे बिघाड झाल्यावर कमी ताकदीने गाडी चालू ठेवणं. तो पायऱ्यापायऱ्यांचा असावा. बिघाड झाला की इंजिन बंद, हे बहुतेक वेळा आळशी उत्तर असतं. भरलेला ट्रक कसारा घाट चढत असताना टॉर्क एका झटक्यात शून्यावर आणला तर इंजिन वाचेल, पण मागच्या गाड्यांचं काय? कूलंट ११० च्या पुढे गेलं तर आधी एसी बंद, पंखा पूर्ण. मग टॉर्क काही सेकंदांत हळूहळू ७५ टक्क्यांवर. तरीही चढत राहिलं तर ५० वर. ऑइल प्रेशर खरोखर गेलं असेल तर मात्र दिवा आणि बझर लावून लगेच उतरवा, कारण बेअरिंगकडे मिनिटंही नसतात.

एक्सलरेटर पेडलला दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं. दोघांचं पटलं नाही (पी२१३८) तर लहान किंमत घ्या आणि टॉर्क मर्यादित करा. दोन्ही गेले तर आयडलच्या थोडं वर चालू ठेवा, गाडी कडेला घेता आली पाहिजे. थ्रॉटलची मोटर बंद केली की आतल्या स्प्रिंगा झडप थोडी उघडी ठेवतात. यांत्रिक रचनाच इथे सॉफ्टवेअरला हात देते.

दोन बिघाड एकदम आले तर? मर्यादांचा गुणाकार करू नका, सगळ्यात लहान मर्यादा घ्या. ७० टक्के आणि ६० टक्के यांचे ४२ झाले की गाडी चढावर थांबते, आणि का थांबली ते कोणालाच कळत नाही. प्रत्येक बिघाडापुढे प्रतिक्रिया, उतरण्याचा वेग आणि परत येण्याची अट असा तक्ता कोड लिहिण्यापूर्वी तयार हवा. तो मेकॅनिकल टीमसोबत बसून करा. बेअरिंग किती सेकंद तग धरतं हे सॉफ्टवेअरवाल्याने ठरवू नये.

आयएसओ २६२६२ आणि मिस्रा पाळलं की इंजिन विश्वासार्ह होतं का?

मदत होते, हमी मिळत नाही. आयएसओ २६२६२ हे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं मानक (पहिली आवृत्ती २०११, दुसरी २०१८) माणसाच्या सुरक्षेबद्दल बोलतं. इंजिन निमूटपणे बंद पडणं त्याच्या दृष्टीने बऱ्याचदा 'सुरक्षित अवस्था' असते. रात्री दोन वाजता महामार्गावर अडकलेल्या माणसाचं मत वेगळं असेल. विश्वासार्हतेची उद्दिष्टं वेगळी लिहावी लागतात. मिस्रा सी, म्हणजे सी भाषेत कोड लिहिण्याचे नियम (पहिल्यांदा १९९८), रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आणि डायनॅमिक मेमरीला (चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीला) मनाई करतं, ते योग्यच आहे, कारण त्यामुळे स्टॅक किती लागेल हे आधी मोजता येतं. तरीही मोजाच: स्टॅक ठराविक नमुन्याने भरा, सगळ्या चाचण्या चालवा, नमुना कुठपर्यंत पुसला गेला ते पाहा.

टर्बो डिझेल लेहला नेल्यावर ओढत का नाही? हा बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही, ईसीयू टर्बोला वाचवतोय. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. तिथे इंजिनाला २०० किलोपास्कल द्यायचे तर टर्बोला हवा दुप्पट दाबावी लागते. महाबळेश्वरला बाहेरचा दाब ८६ च्या आसपास, गुणोत्तर २.३. खारदुंग ला या सुमारे ५,३५० मीटर उंचीच्या खिंडीत दाब ५२ वर येतो आणि तेच २०० मिळवायला गुणोत्तर ३.८ च्या पुढे जातं. टर्बोचा वेग मर्यादेबाहेर जाऊन त्याच्या पात्यांचे तुकडे इनटेकमध्ये उतरू शकतात. म्हणून मर्यादा बूस्टच्या (टर्बोने दाबलेल्या हवेच्या) दाबावर न घालता गुणोत्तरावर घालावी, आणि हवा कमी मिळते म्हणून इंधनही उतरवावं, नाहीतर काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट.

हे सगळं बाहेरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर उभं आहे. इंजिन बंद असताना चावी फिरवल्यावर त्याचं आणि मॅनिफोल्ड सेन्सरचं रीडिंग सारखं असायला हवं. फुकटात मिळणारी ही तपासणी सोडू नका. बूस्टच्या पीआयडीमध्ये (दाब हव्या त्या आकड्यावर आणणाऱ्या हिशेबात) वेस्टगेट (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारी झडप) शेवटच्या टोकाला पोचला की इंटिग्रेटर (साठत जाणाऱ्या फरकाची बेरीज) तिथेच गोठवा. तो भरत राहिला तर घाट उतरून खाली आल्यावर पहिल्याच पिकअपला ओव्हरबूस्ट होतो.

बीएस-६ डिझेलमध्ये ऑइलची पातळी आपोआप वाढते. हे कसं?

डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये) साठलेली काजळी जाळायला, म्हणजे रीजनरेशनला, एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांवर न्यावा लागतो. त्यासाठी ईसीयू उशिरा जादा इंधन मारतो आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये जातं. रीजनरेशन पूर्ण झालं तर प्रमाण आटोक्यात राहतं. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये पाच किलोमीटर ऑफिस आणि पाच किलोमीटर परत, असं चाललं की प्रत्येक रीजनरेशन अर्धवट तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चांगलं सॉफ्टवेअर तुटलेल्या खेपा मोजतं, ऑइलमधल्या डिझेलचा अंदाज ठेवतं आणि ऑइल बदलायची सूचना लवकर देतं. मालकाने डीपीएफचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं सलग वेगात चालवावी. डिपस्टिकवर पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर ऑइल बदलूनच घ्या.

ई२० पेट्रोलला जुनं सॉफ्टवेअर जमवून घेतं का?

मिश्रणापुरतं, बहुतेक वेळा हो. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला सुमारे १३.५. ई१० वरून ई२० वर जाताना इंधन चार-पाच टक्के जास्त द्यावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे फ्युएल ट्रिममधून (इंधन किती टक्के कमी-जास्त द्यायचं या दुरुस्तीतून) शिकते. अडचण येते ती ट्रिम आधीच कशाने तरी भरली असेल तेव्हा: तुंबलेला इंजेक्टर, हवेची गळती. त्यात ही भर पडली की मर्यादा ओलांडून पी०१७१ येतो. आणि रबराचे होज, सील हे सॉफ्टवेअरने सुधारत नाहीत.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटनंतर गाडी पेट्रोलवर मिसिंग का मारते?

सिक्वेन्शियल किटचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरचा पल्स वाचून गॅसचा पल्स काढतो. मूळ ईसीयूला वाटतं आपण पेट्रोलच मारतोय, आणि तो ट्रिम शिकत राहतो. गॅसचा मॅप कमी पडत असेल तर ट्रिम +२० वर जाते. मग पेट्रोलवर आल्यावर तेवढंच जास्त पेट्रोल. गाडी गॅसवर गरम झाल्यावर स्कॅनर लावा आणि ट्रिम पेट्रोलच्या तुलनेत ±५ टक्क्यांत येईपर्यंत गॅसचा मॅप जुळवून घ्या. आयडलला जुळवून थांबू नका, चढावर फुल लोडला पाहा. तिथे गॅस कमी पडला तर व्हॉल्व्ह सीट झिजते.

चाचणीत नेमकं काय तपासावं?

एचआयएल बेंचवर (ईसीयूला खोटं इंजिन जोडून तपासायच्या टेबलावर) प्रत्येक पिन तुटलेला, ग्राउंडला शॉर्ट, बॅटरीला शॉर्ट, हे सगळे करतात. राहून जातात ते अर्धेमुर्धे बिघाड. कोकणातल्या पावसात भिजलेला कप्लर शॉर्ट होत नाही. दोन पिनांमध्ये दहा किलोओहमची वाट तयार होते आणि रीडिंग मर्यादेत राहून सरकतं. ते रेझिस्टर लावून मुद्दाम करा. शिवाय ५ मिलिसेकंदांसाठी तुटून जोडली जाणारी वायर, चाकावर जादा दात, स्टार्टरवेळी ६ व्होल्टपर्यंत पडणारी बॅटरी, ईईप्रॉम लिहितानाच गेलेली वीज, आणि येत राहणारा पण आतली किंमत गोठलेला कॅन मेसेज.

रिमॅप केल्याने इंजिन खराब होतं का?

रिमॅप, म्हणजे ईसीयूतले आकडे बाहेरून बदलणं, करणारा काय बंद करतो यावर आहे. बूस्ट वाढवणं एक वेळ समजू शकतं. एक्झॉस्ट तापमानाची मर्यादा, नॉक रिटार्ड (नॉकिंग झालं की स्पार्क मागे नेणं) आणि डीटीसी (बिघाडाचे कोड) बंद करणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं संरक्षण काढून टाकणं.

गॅरेजमध्ये ईसीयूची काय काळजी घ्यावी?

चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी काढू नका. मेन रिले थोडा वेळ चालू राहतो आणि त्या वेळात ईसीयू शिकलेल्या किमती लिहितो. दोन मिनिटं थांबा. फ्लॅश करताना (ईसीयूत नवं सॉफ्टवेअर भरताना) बॅटरीला स्थिर सप्लाय लावा, साधा चार्जर नको, आणि पंखा, हेडलाइट बंद ठेवा. कॉमन रेल डिझेलचा इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरा, नाहीतर त्या सिलिंडरला मोजमाप चुकीचं जातं आणि आयडलला खडखडाट येतो. कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेमचा फोटो काढून ठेवा; बिघाड झाला तेव्हाचा आरपीएम, लोड आणि तापमान त्यातच असतं, आणि कोड पुसला की तेही जातं.